अंतराळवीरांची झोप डोक्यावरच्या पट्ट्याने कशी मोजतात, आणि तसंच रेकॉर्डिंग घरी करायचं असेल तर

अंतराळात झोपतात कसे हे आता सगळ्यांनी व्हिडिओत बघितलंय, भिंतीला बांधलेली पिशवी, समोर तरंगणारे हात वगैरे, पण ते खरंच किती झोपले हे जमिनीवरच्या लोकांना कळतं कसं हे फारसं कुणी विचारत नाही. मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ईईजीचा, म्हणजे मेंदूतले विजेचे सिग्नल टिपणारा, पट्टा घालून झोपायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं होतं की पट्टा घाला, झोपा, सकाळी ग्राफ तयार. पहिल्या तीन आठवड्यांत जे काही गोळा झालं त्यातलं जवळजवळ सगळं फेकून द्यावं लागलं. मग अंतराळातल्या झोपेच्या प्रयोगांचे पेपर वाचत गेलो आणि लक्षात आलं की माझ्या ज्या चुका झाल्या त्यातल्या बऱ्याचशा तिथे लोकांनी आधीच करून ठेवल्यात. म्हणून हे लिहितोय, जे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं ते.

पहिलं काम म्हणजे काय मोजायचंय ते ठरवणं, आणि यात घाई करू नका. किती तास झोप झाली एवढंच हवं असेल तर मनगटावरचं हालचाल मोजणारं घड्याळ, ज्याला ॲक्टिग्राफ म्हणतात, तेवढ्यावर भागतं. अंतराळवीरांच्या झोपेबद्दल जे आकडे सगळीकडे फिरतात ते अशाच घड्याळांवरून आलेले आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्पेस शटल या यानावरचे ६४ आणि स्पेस स्टेशनवरचे २१ जण होते, झोपेसाठी वेळापत्रकात साडेआठ तास राखलेले, आणि प्रत्यक्ष झोप सरासरी सहा तासांच्या आसपास, शटलवर थोडी कमी, स्टेशनवर थोडी जास्त. वर साधारण तीन चतुर्थांश लोकांनी कधी ना कधी झोपेची गोळी घेतलेली.

पण घड्याळाला फक्त हालचाल कळते. तुम्ही छताकडे बघत निपचित पडून उद्याची काळजी करत असाल तर घड्याळ म्हणतं झोपलाय. अंतराळात अजून एक गंमत होते. आपल्याकडे या घड्याळातला ॲक्सेलेरोमीटर, म्हणजे हालचाल टिपणारा सेन्सर, गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून सांगतो की हात आडवा आहे की उभा, माणूस उताणा आहे की कुशीवर. कक्षेत सगळंच सतत मुक्तपणे पडत असतं म्हणून सेन्सरला ती खालची दिशा मिळतच नाही, त्यामुळे 'आडवा झाला' ही गोष्ट मोजणं बाद. (तसाही तिथे आडवा होणे या शब्दाला काही अर्थ नाही म्हणा.) झोप गाढ होती की वरवरची, स्वप्नांची झोप किती, मध्ये मेंदू किती वेळा जागा झाला, हे हवं असेल तर मेंदूचाच सिग्नल लागतो, म्हणजे ईईजी.

आता हा सिग्नल किती बारीक असतो ते आधी डोक्यात बसवा, कारण पुढचे सगळे उपद्व्याप त्यामुळेच आहेत. कवटीबाहेर आपल्याला मिळतात साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट (एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग). पन्नास धरले तर ते पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचा तीस हजारावा भाग होतो. पापणी लवली की याच्याहून मोठा सिग्नल येतो, दात आवळले की त्याहून मोठा.

मशीन घेताना लोक आधी इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीला टेकून सिग्नल टिपणारे बिंदू, किती आहेत ते बघतात. मी म्हणेन ते शेवटी बघा. पहिला प्रश्न हा विचारा की कच्चा डेटा बाहेर काढता येतो का. सकाळी ॲपमध्ये 'स्लीप स्कोअर ८१' असं दाखवणारा आणि आतल्या लाटा लपवून ठेवणारा पट्टा या कामासाठी उपयोगाचा नाही, तो स्कोअर कशावरून आला हे तुम्हाला कधीच तपासता येणार नाही. दुसरं म्हणजे सेकंदाला निदान २०० नमुने हवेत. तिसरं, बॅटरी रात्रभर टिकली पाहिजे. आणि चौथं, ज्याच्याकडे माझं दुर्लक्ष झालं होतं, ते घालून तुम्हाला झोप लागली पाहिजे! कपाळावर घट्ट बसणारा आणि मागे कडक डबी असलेला पट्टा घालून मी दोन रात्री उताणा पडून राहिलो, तो डेटा म्हणजे पट्ट्यामुळे मोडलेल्या झोपेचं रेकॉर्डिंग होतं, दुसरं काही नाही.

प्रकार मुख्यतः तीन आहेत. एक म्हणजे पूर्ण टोपी, जेल किंवा पेस्ट लावून घालायची, सिग्नल उत्तम पण लावायला वेळ जातो आणि सकाळी केस धुवावे लागतात. घरी हे फक्त कंटाळवाणं आहे, स्टेशनवर मात्र पाणी मोजूनमापून, केस धुवायचे तर पाणी न ओतता पुसून टाकायचा शाम्पू, त्यामुळे पेस्ट म्हणजे डोकेदुखीच. तरीही १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या अंतराळस्थानकावर टोपीच वापरली होती, पण इलेक्ट्रोडमध्ये जेल आधीच भरून दिलेलं आणि झोपेचे टप्पे ओळखणारं यंत्र तिथेच, वर. त्या काळातले कॉम्प्युटर आठवा आणि मग विचार करा. दुसरा प्रकार कोरड्या इलेक्ट्रोडचा कपाळपट्टा, थोमा पेस्के या फ्रेंच अंतराळवीराने २०२१ च्या मोहिमेत असा पट्टा स्टेशनवर वापरून बघितला. तिसरा कानात बसणारा, इअरफोनसारखा, डेन्मार्कच्या आंद्रेआस मोगेनसेनने २०२३ मध्ये तो घालून झोप मोजू दिली, यंत्रामागे ऑर्हुस विद्यापीठाचे लोक होते. कानातलं यंत्र मला सगळ्यात हुशार वाटतं कारण केसांचा प्रश्न मिटतो आणि जागाही हलत नाही, फक्त ज्यांना आवाजामुळे इअरप्लग घालून झोपायची सवय आहे त्यांच्या कानात दोन्ही मावत नाहीत, आणि स्टेशनवर पंखे कायम चालू असतात हे विसरू नका.

घरी करायचं तर मी कपाळपट्टा किंवा दोनचार चिकट इलेक्ट्रोड लावलेला छोटा बॅटरीवरचा बोर्ड सुचवेन. ओपनबीसीआयचा आठ चॅनेलवाला सायटन बोर्ड बरेच विद्यार्थी वापरतात, सेकंदाला २५० नमुने देतो. एक गोष्ट मात्र पक्की पाळा, डोक्याला वायरी लावलेल्या असताना यंत्र किंवा त्याला जोडलेला लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही. कधीच नाही. बॅटरी संपली तर रात्र गेली, जाऊ दे.

आता लावायचं कसं. कपाळ आणि कानामागचं हाड, या दोन जागा गाठल्या की झोपेचं बरंच काम होतं. दोन्ही जागा साबणाने धुवा, कोरड्या करा, मग स्पिरिटच्या बोळ्याने हलकं पुसा, तेल आणि क्रीम लावलेलं असेल तर त्या रात्री रेकॉर्डिंगचा विचार सोडा. ओल्या इलेक्ट्रोडला रेझिस्टन्स पाच किलोओहमच्या खाली आणायचा असा दंडक आहे, कोरड्यांना तो शेकडो किलोओहम असतो, म्हणून तिथे सिग्नल मोठा करणारा ॲम्प्लिफायर चांगला लागतो आणि पट्टा न हलणं फारच महत्त्वाचं होतं. वायर असेल तर तिचा एक वळसा ठेवून चिकटपट्टीने गालावर किंवा मानेवर चिकटवा, म्हणजे ओढ बसली तर चिकटपट्टीला बसेल, इलेक्ट्रोडला नाही. हे फालतू वाटेल, पण डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ७ यानात अंतराळवीर फ्रँक बोरमनच्या डोक्याला लावलेले इलेक्ट्रोड साधारण ५५ तासांनी निघाले, मोहीम चौदा दिवसांची होती आणि मेंदूचा डेटा मिळाला पहिल्या दोन दिवसांचाच. अमेरिकेचा आख्खा अंतराळ कार्यक्रम मागे उभा असताना चिकटपणा कमी पडला, तर आपलं काय!

इथे पृथ्वीवरचा आणि वरचा एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे कुशीवर वळलं की उशी इलेक्ट्रोडवर दाबते आणि त्या बाजूचा सिग्नल वेडावाकडा होतो. वर उशीचा दाबच नाही, डोकं तरंगतं, त्यामुळे ही भानगड नाही, पण दाब नाही म्हणजे पट्टा जागेवर धरून ठेवायला फक्त त्याचं इलॅस्टिक, आणि त्यात वजनरहित अवस्थेत अंगातलं द्रव डोक्याकडे सरकल्यामुळे चेहरा सुजतो. म्हणजे जमिनीवर मापाला बसवलेला पट्टा वर गेल्यावर आवळतो. तुमचा पट्टा रात्री ठीक आणि सकाळी कपाळावर वळ उठवत असेल तर एक खाच सैल करा.

लावून झालं की झोपायच्या आधी पाच मिनिटांची चाचणी, हिला अजिबात फाटा देऊ नका. रेकॉर्डिंग चालू करून तीस सेकंद डोळे उघडे ठेवून समोर बघा, मग तीस सेकंद डोळे मिटा, मग मान न हलवता नजर डावीकडे उजवीकडे पाच वेळा, मग पाच वेळा पापण्या, मग दात आवळा. डोळे मिटल्यावर सेकंदाला आठ ते तेरा वेळा हलणारी सुंदर लाट यायला हवी, तिला अल्फा म्हणतात, हान्स बर्गरने १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये छापला तेव्हापासून ही लाट प्रसिद्ध आहे. काही थोड्या लोकांना ती फारशी येतच नाही, पण तुम्हाला काल येत होती आणि आज येत नाहीये तर इलेक्ट्रोड सुटलाय, उठा आणि परत लावा. कपाळावर ती डोक्याच्या मागच्या बाजूपेक्षा फिकी दिसते, तेवढं समजून घ्या.

घड्याळ जुळवणं ही अजून एक कटकट. पट्ट्याची वेळ, फोनची वेळ आणि तुमच्या डायरीतली वेळ या तिन्ही एक असायला हव्यात. स्टेशन दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, दिवसाला सोळा सूर्योदय, म्हणून तिथे सूर्याचा हिशोब सोडून सगळे ग्रीनिच वेळेवर जगतात. तुम्हीही फाईलमध्ये तीच वेळ ठेवा आणि डायरीत आपली स्थानिक, पण फरक पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी एकदा लिहिला नाही आणि अख्ख्या आठवड्याच्या रात्री दुपारी झोपल्यासारख्या दिसत होत्या.

डायरी म्हणजे काय, तर दिवे कधी बंद केले, चहा-कॉफी शेवटची कधी, औषध कुठलं, रात्री उठलात का, सकाळी कसं वाटतंय. कंटाळा येतो मान्य, पण याच्याशिवाय लाटांचा अर्थ लागत नाही. बेन्झोडायझेपाइन जातीच्या गोळ्यांनी गाढ झोपेच्या लाटा दबतात आणि स्पिंडल नावाच्या लाटा वाढतात, म्हणजे गोळी लिहिली नसेल तर तुम्ही गोळीचा परिणाम अंतराळाच्या नावावर खपवाल. झोपेच्या खोलीतला प्रकाशही लिहा. स्टेशनवर २०१६ पासून जुन्या ट्यूब काढून एलईडी दिवे बसवायला सुरुवात झाली ते याचसाठी, त्यात झोपायच्या आधीचा पिवळट आणि जागं राहायचा निळसर असे वेगळे मोड आहेत.

पहिली रात्र मोजू नका. म्हणजे रेकॉर्ड करा, पण हिशोबात धरू नका. डोक्याला काहीतरी लावून पहिल्यांदा झोपलं की झोप बिघडतेच, प्रयोगशाळेत हे नेहमीचं आहे. दुसरी गोष्ट, स्वतःच्या साध्या रात्री आधी गोळा करा, पाच तरी. अंतराळाच्या अभ्यासात माणसं इतकी कमी असतात (१९९८ च्या दोन शटल मोहिमा मिळून ज्या झोपेच्या प्रयोगाची खूप चर्चा झाली त्यात पाच जण होते, आणि त्याच वर्षी ७७ वर्षांचे अंतराळवीर जॉन ग्लेनही इलेक्ट्रोडची जाळी डोक्यावर घालून झोपले) की इतरांशी तुलना करून काही हाती लागत नाही, म्हणून प्रत्येकाची तुलना उड्डाणाआधीच्या त्याच्याच रात्रींशी करतात. तुम्ही तर एकटेच आहात, त्यामुळे दुसरा मार्गच नाही.

सकाळी फाईल उघडली की लगेच ऑटोमॅटिक प्रोग्रॅममध्ये टाकायचा मोह होतो. थांबा. आधी नुसत्या लाटा बघा, डोळ्यांनी. फिल्टर ०.३ ते ३५ हर्ट्झ लावा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा), पडद्यावर एका वेळी तीस सेकंद, कारण झोपेचे टप्पे तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांनाच देतात. जागेपणी अल्फा आणि पापण्या, मग एन वन या सगळ्यात हलक्या झोपेत अल्फा विरते आणि डोळे संथ फिरतात, त्याहून खोल एन टूमध्ये सेकंदाला ११ ते १६ वेळा थरथरणारे स्पिंडल आणि एकटाच उंच उडणारा के-कॉम्प्लेक्स, एन थ्री या गाढ झोपेत मोठ्या आळशी लाटा, आणि आरईएम या स्वप्नांच्या झोपेत ईईजी जवळजवळ जागेपणासारखा पण हनुवटीचे स्नायू ढिले आणि डोळे झपझप. हनुवटीवर इलेक्ट्रोड नसेल तर आरईएम आणि एन वन यांची गल्लत होणार, ती होईल हे धरूनच चाला.

एन थ्रीसाठी नियम असा की ०.५ ते २ हर्ट्झच्या, ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा उंच लाटा तीस सेकंदांपैकी निदान सहा सेकंद हव्यात. आता इथे कपाळपट्टेवाले फसतात. हा ७५ चा आकडा कपाळ विरुद्ध कानामागचं हाड अशा जोडीसाठी आहे. तुमचा पट्टा जर कपाळाची डावी बाजू वजा उजवी बाजू असं मोजत असेल तर गाढ झोपेची लाट दोन्हीकडे जवळजवळ सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते, मग ७५ कधी गाठलेच जात नाहीत आणि तुम्हाला वाटतं आपल्याला गाढ झोपच लागत नाही. माझा एक मित्र याच कारणाने आठवडाभर घाबरून फिरत होता.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त धोकादायक, कारण त्यात निकाल छान दिसतो. घाम. घामाने इलेक्ट्रोडखालचं व्होल्टेज हळूहळू डुलतं आणि ते डुलणं हुबेहूब गाढ झोपेच्या लाटांसारखं दिसतं. अंतराळात गरम हवा आपोआप वर जात नाही, पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचीच उबदार हवा आणि कार्बन डायऑक्साइड साठून राहतो, घामही ओघळत नाही, कातडीला चिकटून बसतो. ओळखायचं कसं, तर खरी लाट दोन्ही बाजूंना एकदमच येते, तिच्यात मध्ये मध्ये स्पिंडल असतात, आणि ती रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात जास्त येते. घामाची लाट प्रत्येक इलेक्ट्रोडवर आपापल्या तालात डुलते, दहावीस मिनिटं वाढत जाते आणि पांघरूण काढलं की जाते. म्हणून खोलीचं तापमानही डायरीत लिहा.

बाकी कचरा ओळखायला सोपा. नाडीचा ठोका साधारण दर सेकंदाला एक छोटी लाट काढतो, इलेक्ट्रोड धमनीवर आलाय, बोटभर सरकवा. घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट ३५ च्या फिल्टरने जातो, पण तो फार मोठा असेल तर इलेक्ट्रोड सैल आहे हेच सांगतोय. (स्टेशनवर मुख्य पुरवठा डीसी असल्याने हा ओळखीचा गुणगुणाट मिळत नाही, पण तिथे कन्व्हर्टर आणि मोटारींचा आपला वेगळा गोंगाट.) आणि स्टेशनच्या डेटात दीड तासाचा ताल दिसला तर लगेच खूश व्हायचं नाही, झोपेचं एक चक्रही साधारण दीड तासाचं आणि कक्षेची फेरीही दीड तासाची, निव्वळ योगायोग पण डोक्याला ताप.

एवढं झाल्यावर ऑटोमॅटिक. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एमएनई आणि यासा या दोन फुकट लायब्ररी आहेत, फाईल ईडीएफ या अशा रेकॉर्डिंगच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये द्या. सरावाला स्वतःचाच डेटा हवा असं काही नाही, फिजिओनेट या वेबसाइटवर स्लीप-ईडीएफ नावाचा संग्रह आहे, १९७ रात्री, टप्पे हाताने लावलेले, आधी त्यावर हात बसवा. यासाने दिलेलं उत्तर आणि तुमचं उत्तर पाचातल्या एका तुकड्यावर जुळलं नाही तर निराश होऊ नका, प्रशिक्षित माणसंही आपसात साधारण ८२-८३ टक्केच जुळतात, आणि भांडण सगळ्यात जास्त एन वनवर.

मग आकडे. झोपेची कार्यक्षमता म्हणजे प्रत्यक्ष झोप भागिले अंथरुणात घालवलेला वेळ. कुणी म्हणेल साडेआठ तास राखलेले, झोप ६.१ तास, म्हणजे ७२ टक्के, अंतराळात झोप किती वाईट! पण तो माणूस वेळापत्रकातल्या साडेआठ तासांपैकी पहिला तास खिडकीतून पृथ्वी बघत बसला असेल तर? पिशवीत शिरायलाच उशीर झाला तर भागायचा आकडा साडेसात होतो आणि कार्यक्षमता ८१ वर जाते. झोप येत नाही आणि झोपायला जात नाही या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांचे उपायही वेगळे. डायरीतली दिवे बंद करायची वेळ नसेल तर हा फरक जगातला कुठलाही पट्टा सांगू शकत नाही.

सकाळी उठल्यावर एक छोटी प्रतिक्रियेची चाचणी जोडा, पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं. दहा मिनिटांची मूळ चाचणी आहे, स्टेशनवर तिची तीन मिनिटांची आवृत्ती वापरली. मूळ चाचणीत अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर झाला की ती चूक धरतात. मला स्वतःला झोपेच्या टप्प्यांपेक्षा या चुकांचा आकडा जास्त खरा वाटतो, मी ठणठणीत आहे असं वाटत असताना तो मला तोंडावर पाडतो. उठल्या उठल्या घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या.

दुसऱ्या कुणाला पट्टा लावून झोपवणार असाल तर आधी नीट विचारा, आणि डेटा कुठे ठेवणार, कोण बघणार, नको झालं तर पुसणार का हे लिहून द्या. पाच अंतराळवीरांच्या अभ्यासात 'तिसरा माणूस' म्हटलं तरी कोण ते ओळखू येतं, तुमच्या चार मित्रांचंही तेच होणार. आणि यातून कुणाला आजार आहे नाही हे ठरवायला जाऊ नका, श्वास अडकतोय असं वाटलं तर सरळ डॉक्टरकडे. (वजनरहित अवस्थेत घोरणं आणि श्वास अडकणं कमी होतं असं शटलवर दिसलंय, पण तो उपाय सध्या कुणाला परवडणारा नाही.)

प्रयोग संपला म्हणजे पट्टा लगेच कपाटात टाकू नका, त्यानंतरच्या तीन रात्रीही घाला. १९९८ च्या त्या प्रयोगात पृथ्वीवर उतरल्यानंतर आरईएम झोप एकदम वाढलेली दिसली, म्हणजे वर काय कमी पडलं होतं त्याचा एक धागा खाली आल्यावर मिळाला, आणि उतरल्यावर मोजणं थांबवलं असतं तर तो सुटला असता. त्या तीन रात्रींच्या फाईलींना तारखेआधी 'नंतर' असं नाव द्या, नाहीतर महिन्याभराने त्या साध्या रात्रींत मिसळतात आणि मग वेगळ्या काढायला डायरी चाळत बसावं लागतं.